राऊत सरांचे कच्चे चिकू

राऊत सरांच्या आधी माझी ओळख त्यांच्या चिकूशी झाली. दोन हजार चौदाच्या जूनमध्ये मी डहाणूच्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले असतील. एका दुपारी आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला दारात आला आणि त्याने माझ्या हातावर एक चिकू ठेवला. एकच, आणि तोही इतका पिकलेला की साल बोटांना चिकटली. कोणी दिला विचारलं तर म्हणाला, दूधवाल्याने. दूधवाल्याला कोणी दिला ते त्याला ठाऊक नव्हतं. ‘कॉलेजात नव्या आलेल्या मराठीच्या बाईंना’ एवढाच निरोप चिकूसोबत होता. मी तो कचऱ्यात टाकला आणि दाराला आतून कडी लावली. नव्या गावात एकट्या बाईला कोणी असा चिकू धाडला तर तिने दुसरं काय करावं?

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक उंच, किडकिडीत गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोटांना खडू. नमस्कार नाही, नाव नाही. चिकू पोहोचला का आणि कडक होता की मऊ, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सडका होता. त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. त्यांच्या चिखल्याहून माझ्या दारापर्यंत सायकलवर माणूस आरामात येतो, आणि चिकूला आठवडा लागला, याचं ते दुःख होतं. मग इस्त्रीवाल्याचं दुकान कुठे आहे ते विचारून ते तास सोडून तिकडे निघाले. शेजारच्या भूगोलाच्या मॅडम हसत म्हणाल्या, घाबरू नका, आम्हाला सगळ्यांना एकेकदा आलाय.

सर गणित शिकवत. घर चिखल्याला, एका लहानशा चिकूच्या वाडीत. वाडी वडिलांची, तिच्यात काय चाललंय ते सगळं वहिनी, म्हणजे सरांची बायको, बघत, सर फक्त कच्चे चिकू चोरत. हा शब्द वहिनींचाच. पन्नाशी उलटल्यावर, लोक नातवंडांची वाट बघायला लागतात त्या वयात, त्यांनी पीएचडीला नाव घातलं होतं. विषय त्यांनी मला पहिल्याच महिन्यात इतक्यांदा समजावला की गणिताचा तिटकारा असूनही मी त्यावर पेपर लिहू शकले असते.

माणसं एकमेकांना ओळखतात, त्यातून एक जाळं होतं. वरून बघणाऱ्याला त्यातल्या कुठल्याही दोन माणसांमधली सर्वांत जवळची वाट दिसते. पण जाळ्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाला वरून बघता येत नाही. त्याला दिसतात फक्त त्याच्या ओळखीची चार माणसं, आणि त्यातल्या कोणाकडे वळायचं ते त्याने अंदाजाने ठरवायचं. तर वरून दिसणारी वाट आणि अंदाजाने सापडलेली वाट यांची तुलना करायची. दोन्ही सारख्या निघाल्या तर जाळं उत्तम, दुसरी लांबली तर तितकं वाईट, आणि दुसरी सापडलीच नाही तर शून्य. “शून्य हाही निकाल आहे, बाई,” असं सर म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा.

जगातले लोक हे काम कॉम्प्युटरवर करतात. सरांनी ते चिकूवर केलं. आमच्या वर्गात तलासरीच्या पाड्यांवरची पोरं आणि डहाणूच्या किनाऱ्यावरची पोरं एकाच बाकावर बसायची, आणि एकमेकांची गावं त्यांना धड माहीत नसायची. सर किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलीच्या हातात कच्चा चिकू द्यायचे आणि तलासरीच्या एखाद्या पाड्यावरच्या कोणा म्हाताऱ्याचं नाव सांगायचे. तू त्याला ओळखत असशील तर त्यालाच दे. नसशील तर तुझ्या ओळखीत जो त्याच्या जास्त जवळचा वाटतो त्याला दे, आणि त्यालाही हेच सांग. चिकूच का, तर तो वेळ स्वतःच सांगतो. कडक पोहोचला तर वाट सरळ होती, मऊ पोहोचला तर भटकला, आणि वाटेत कोणी खाल्ला तर त्या माणसापाशी वाट संपली. सर कुठेही चिकू दिसला की नखाने साल खरवडून आतला रंग बघायचे. फळवाले त्यांना बघून टोपली झाकायचे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, “पुढचा कोण?” वर्गात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. कोणी पत्ता विचारला तर सर पत्ता सांगत नसत. इथवर कोणाला विचारत आलात, ते विचारत. त्याच वर्षी आमचा जिल्हा नवा झाला होता आणि कुठल्या कामाला ठाण्याला जायचं नि कुठल्या कामाला पालघरला, यावरून सगळे गोंधळलेले असत. सर तेवढे खुशीत होते. त्यांना गल्लोगल्ली वाट चुकलेली माणसं भेटत होती.

दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की चिकू पोहोचत नाहीत. थोडे पोहोचत, फार नाही. आणि मग कुठे अडतात ते शोधताना असं निघालं की पाड्यावर अडत नाहीत, बंदरावर अडत नाहीत. अडतात ते आमच्यापाशी. जो तो म्हणे, मोठ्या माणसाला द्यावा, त्याच्या खूप ओळखी. म्हणून चिकू शिक्षकाकडे यायचा, कचेरीतल्या साहेबाकडे यायचा, रेल्वेतल्या बाबूकडे यायचा, आणि तिथे त्याला फ्रिज मिळायचा. बघू, देऊ, करत तो फ्रिजमध्ये काळा पडायचा. सर घरोघर जाऊन लोकांचे फ्रिज उघडून बघत. माझाही त्यांनी बघितला. तिथे एक होता, पण तो मी विकत आणलेला होता हे त्यांना पटवायला मला फार बोलावं लागलं.

मुंबईच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की हा काही अभ्यास नव्हे, चिकू सोडा आणि कॉम्प्युटरवर करा. सरांनी मुकाट्याने तेही केलं. तिथे निरोप भराभर पोहोचायला लागले. सरांनी मला पडद्यावर ठिपके दाखवले, एका ठिपक्यातून दुसऱ्यात उडी मारत जाणारी लाल रेघ दाखवली, आणि मान हलवली. “कॉम्प्युटरमधली माणसं चिकू खात नाहीत, बाई.” मार्गदर्शकांना त्यांनी कळवलं की निकाल चांगला आहे पण आमच्या तालुक्याचा नाही.

आकड्याच्या बाबतीत हा माणूस असा अडून बसायचा. एकदा कॉलेजात तपासणीची समिती यायची होती. प्राचार्यांनी सरांना आधीच बजावलं होतं की विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणून चिकूचं सांगा, बहुतेक पोहोचतात म्हणा, समाज कसा जोडलेला आहे असं काहीतरी छानसं बोला. समितीसमोर सर उभे राहिले आणि म्हणाले, बहुतेक पोहोचत नाहीत. मग कसे पोहोचत नाहीत ते त्यांनी इतक्या आनंदाने समजावलं की समितीचा चहा निवला. प्राचार्य महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मी सरांना म्हटलं, एक वाक्य गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं? सरांना माझा प्रश्नच समजला नाही. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून आकडा बदलायचा, ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. मला त्यांचा त्या दिवशी राग आला होता, आणि हेवाही वाटला होता.

कॉलेजची झाडलोट देवली करायची. तलासरी तालुक्यात झरीजवळच्या एका पाड्यावरची; आठवडाभर डहाणूत बहिणीकडे राहायची आणि सुट्टीला घरी जायची. सगळ्यांना अरेतुरे करायची, प्राचार्यांनासुद्धा, कारण तिच्या बोलीत दुसरं काही नव्हतंच. तिला एकच मुलगा, महादू. तिकडची पोरं नारळी पौर्णिमेनंतर गुजरातेत बोटीवर जातात, खलाशी म्हणून, आणि पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढल्या की परततात. महादूही गेला होता. थंडीपर्यंत कोणाकोणाच्या फोनवरून त्याचा आवाज आला, मग आला नाही. मे महिन्यात पाड्यावरची सगळी पोरं परतली. महादू नव्हता. ज्या मुकादमाने नेलं होतं तो म्हणाला, मधेच दुसऱ्या बोटीवर गेला. कुठल्या, ते त्यालाही सांगता येईना. देवली एका कचेरीत गेली तर म्हणाले, जिथून हरवला तिथे तक्रार करा. भाच्याला घेऊन ती तिथे गेली तर म्हणाले, जिथे राहता तिथे करा. सरांनी फळ्यावर दोन ठिपके काढले आणि त्यांच्यात जाणारा-येणारा बाण काढला. दोघांनाही वाटतं की दुसरा जास्त जवळ आहे, मग निरोप तिथेच फिरत राहतो, असं ते मला समजावत होते. देवली मागे केरसुणी घेऊन उभी होती.

तिने फळा पूर्ण बघितला. मग म्हणाली, “सर, तू चिकू धाडतो ना लोकांकडं. माझ्या पोऱ्याकडं धाड.”

सर खाली बसले. इतके दिवस त्यांनी चिकू अशा लोकांना पाठवले होते ज्यांना त्यांचं काही अडलेलं नव्हतं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तिला उगाच आशेला लावू नका. ते म्हणाले, आशा देत नाही. महादू जिथे असेल तिथे त्याला ओळखणारं कोणीतरी असेल, त्याला ओळखणारं आणखी कोणी, असं करत वाट आपल्या दारापर्यंत असणारच. ती सापडेल की नाही, एवढंच आपल्याला माहीत नाही.

निरोप त्यांनी देवलीला विचारून विचारून बांधला. झरीकडचा महादू, डाव्या हाताने जेवतो, डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाची खूण. आई वाट बघते, आहेस तिथून कळव. डाव्या हाताने जेवणारा बोटीवर लक्षात राहतो, हे देवलीचंच म्हणणं. पहिला चिकू धाकट्या डहाणूच्या हिराबाईच्या हातात गेला. हिराबाई मासळी विकायला बाजारात बसायची आणि तिचा जावई झाईच्या बंदरावर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालायची. त्याची ऊठबस गुजरातेतल्या बंदरांवरच्या लोकांत. सरांना ही वाट फार आवडली. इतकी सरळ वाट चिकूच्या कामात त्यांना कधी मिळाली नव्हती. हिराबाईनंतर आणखी कोणाकोणाकडे त्यांनी चिकू दिले. त्या दिवसांत सर मऊ झाले होते. देवलीला ते रोज काही ना काही सांगत, आणि ती झाडू मारता मारता ऐकून घ्यायची.

पावसाळा गेला, थंडी गेली. शिमग्यानंतर एका सकाळी देवली स्टाफरूममध्ये आली ती गूळ घेऊन. पाड्यावरच्या शेजारणीने खबर आणली होती. महादू बरा आहे. डावखुरा, भुवईवर खूण, सगळं जुळत होतं. बोट लांब गेलीय, पावसाळ्याआधी येईल. देवलीने प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला, प्राचार्यांच्याही. मी खाल्ला, आणि मला रडू आलं. सरांनी गूळ हातात घेतला आणि विचारलं, शेजारणीला कोणी सांगितलं?

त्याच दुपारी आम्ही त्यांच्या स्कूटरवर निघालो. वाट उलटी चालत जायची, हे त्यांचं नेहमीचंच काम होतं. मी बरोबर गेले कारण मला एकदा तरी पोहोचलेला निरोप बघायचा होता. शेजारीण म्हणाली, तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी बाई म्हणाली. ती बाई आम्हाला लगेच सापडली. तिने सांगितलं की झाईहून मासळी घेते तिथे तांडेलाच्या बायकोकडून ऐकलं, महादूची खबर आहे आणि पोरगा बरा आहे. तिथून आम्ही तडक झाईला गेलो. तांडेलाची बायको अंगणात जाळं सोडवत बसली होती. ती म्हणाली, आईने विचारलं होतं, झरीकडच्या डावखुऱ्या, भुवईवर खूण असलेल्या महादूची काही खबर आहे का, बरा आहे ना तो. नवऱ्याला काही कळलं नव्हतं, पण वाईट ऐकलं नाही म्हणजे बराच असणार, तसं मी सुक्या मासळीवालीला म्हटलं. बोटीचं म्हणाल तर बोटी लांब जातातच.

आई म्हणजे हिराबाई. पुढचा कोण, हे विचारायची गरज उरली नव्हती, तरी आम्ही धाकट्या डहाणूपर्यंत गेलो. खोटं कोणीच बोललं नव्हतं. प्रत्येक बाईने एका आईला द्यायचा निरोप म्हणून त्यात आपल्याकडची थोडी माया घातली होती. सरांचा प्रश्नच फिरून उत्तर होऊन देवलीच्या दारात आला होता. हिराबाई ओट्यावर बोंबील साफ करत होती. सरांना बघून तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, सापडला का मग पोरगा? सरांनी खिशातला गूळ, जो सकाळपासून त्यांनी खाल्ला नव्हता, तिच्या ओट्याच्या कडेवर ठेवला.

मी त्यांना म्हटलं, निदान पावसाळ्यापर्यंत तरी तिला सांगू नका. ते ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी देवलीला सांगितलं. फळ्यावर काही काढलं नाही. नावं घेत घेत, शेजारीण, सुक्या मासळीवाली, झाईची, हिराबाई, आणि शेवटी स्वतःचं. देवलीने ते नीट ऐकलं.

“पण निरोप आला ना?” ती म्हणाली.

“तो माझाच होता, देवली. मी इथून धाडलेला.”

“मग परत धाड.”

सर म्हणाले, पोहोचणार नाही. आतापर्यंतचं सगळं मोजून सांगतो, इतक्या लांब, इतक्या अनोळखी लोकांतून तो पोहोचत नाही. देवली बाकावरून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच ऐकवेना.

“मोजू नको,” ती म्हणाली. “धाड.”

त्यानंतर सरांनी पीएचडीचं नाव काढलं नाही. मुदत वाढवून घ्यायची होती, ती त्यांनी घेतली नाही. वर्गात शिकवत राहिले, पण ‘पुढचा कोण’ हे कोणाला विचारताना मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही. फळवाल्यांनी टोपल्या झाकणं सोडलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, निरोपाच्या समारंभात दोन वाक्यं बोलले, आणि चिखल्याला गेले. देवलीनेही काम सोडलं. मे महिना आला नि गेला. बोटी ओढल्या गेल्या. महादू आला नाही. मीही मग विचारायचं सोडलं, कारण विचारून काय मिळणार ते ठाऊक होतं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते दोन हजार एकोणीसच्या नारळी पौर्णिमेनंतर. कामासाठी तलासरीला गेले होते, परतीच्या गाडीची वाट बघत हायवेच्या नाक्यावर उभी होते. पोरांना बंदरावर न्यायला लक्झरी बस लागल्या होत्या. पिशव्या, चादरी, निरोप द्यायला आलेल्या आया, बहिणी. त्या गर्दीत सर होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खांद्याला कापडी पिशवी. ते एका पोराला थांबवून काही सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा हात डाव्या भुवईकडे गेला तेव्हा मला सगळं ऐकू आलं. त्यांनी पिशवीतून एक चिकू काढला, नखाने खरवडून बघितला आणि पोराच्या हातात दिला. पोराने मान हलवली. गाडीने हॉर्न दिला. चढताना पोराला दांडा धरायला हात हवा होता, म्हणून त्याने चिकू चहाच्या टपरीच्या फळीवर ठेवला आणि तो वर चढला. गाडी गेली.

मी पुढे जाऊन काही बोलणार होते. पण सरांनीही ते बघितलं होतं. ते टपरीपाशी गेले, चिकू उचलला, शर्टाला पुसला आणि पिशवीत परत टाकला. हे त्यांच्या सवयीचं झालेलं दिसत होतं. त्यांना मी दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी बघितलं नाही.

तेवढ्यात हापशीवरून बाटली भरून देवली आली. खूप वाळली होती. तिने बाटली सरांपुढे धरली आणि गाडी गेलेल्या दिशेने बघत विचारलं, “दिलास?”

सरांचा हात अजून पिशवीतच होता.

“दिला,” ते म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीकडे चालू लागले.